एक तरी फोन

रेडिओवर काम करतो म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे गाणी लावतोस ना?" हो बाबा, लावतो. पण लावायच्या आधी ती आणावी लागतात, आणि आणताना जे काय होतं ना, ते साठत जातं, घरातल्या खुर्चीवर कपडे साठतात तसं. परवाच्या शनिवार-रविवारने तर खुर्ची पार झाकून टाकली.

आमचं रेडिओ केंद्र अंधेरीत, एका कॉलेजच्या मागच्या खोलीत. आवाज जेमतेम मालाडपर्यंत पोचतो, बाकीच्यांनी मोबाइलवर ऐकायचं. अनघा निवेदन करते, दिन्या रेकॉर्डिंग, मी एडिटिंग. तिघांच्याही नोकऱ्या वेगळ्या, हे आपलं हौसेचं. अनघा दोन वर्षं केंद्र चालवणाऱ्या आमच्या देसाई सरांच्या मागे लागली होती, की उपनगरातल्या लोकांचं स्वतःचं गाणं लावायला एक तास द्या. शुक्रवारी संध्याकाळी सर अचानक म्हणाले, "घे. परवाचा रविवार, पाच ते सहा. एक तरी ऐकणाऱ्याचा फोन आला पाहिजे. नाही आला, तर विषय संपला." वर हेही सांगितलं, की तुमच्या मावश्या-आत्यांचे आवाज मला ओळखू येतात.

अनघा बाहेर येऊन म्हणाली, "हे गेलं ना, तर मी परत माइकसमोर बसणार नाही." ती उगाच बोलत नाही. त्यामुळे आमची झोप उडाली.

*

शनिवारी सकाळी मालाड. सावंत बुवांचं भजनी मंडळ. दिन्याने माइक लावला आणि अगदी नम्रपणे सांगितलं, की बुवा, एक अभंग, चार मिनिटांचा.

बुवांनी त्याच्याकडे मायेने पाहिलं. "बाळा, चार मिन्टांत आमचो पखवाजवालो नुसते बाह्ये दुमडता."

मग जे सुरू झालं ते नमनापासून शेवटच्या भैरवीपर्यंत सव्वा तास थांबलं नाही. दिन्या मध्ये हात वर करून थांबा-थांबा खुणावत होता, तर मंडळाला वाटलं हा रंगलाय, त्यांनी लय अजून वाढवली. शेवटी दिन्यानेच हात खाली घेऊन टाळ घेतले. निघताना सावंत काकींनी घावणे आणि चटणीचा डबा बांधून दिला. त्या डब्यावर आमचा अख्खा दिवस निघाला, देव त्यांचं भलं करो.

*

दुपारी घाटकोपर, बेंजो पार्टी. मिरवणुकीत हे लोक रस्ता हलवतात. पण खोलीत खुर्च्यांवर बसवलं, तर असे वाजवायला लागले की जणू कोणीतरी आजारी आहे. दिन्या हेडफोन काढून माझ्याकडे बघत राहिला.

बेंजोवाला विलास ओशाळून म्हणाला, की आम्हाला बसून वाजवायची सवयच नाय ना, चालायला लागल्याशिवाय हात सुटत नाही. मग काय, उतरलो खाली. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पार्टी गोल गोल चालतेय, आणि तिच्यापुढे दिन्या माइक धरून उलटा चालतोय. झकास आवाज आला!

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या एक काकू आरतीचं ताट घेऊन खाली आल्या. गणपती कुठाय म्हणून विचारायला लागल्या. गणपती नाहीये, रेडिओ आहे, असं मी सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला. पेटवलेलं निरांजन परत कसं न्यायचं? त्यांनी दिन्यालाच ओवाळलं.

*

तिथून आरे. तिथल्या एका पाड्यावर लाडकीआजी राहतात, भात लावतानाची गाणी म्हणतात. आवाज असा की अंगावर काटा येतो. पण घर रस्त्याला लागून. आजी सूर लावायच्या आणि बस घरघरत यायची. परत सुरुवात, परत बस. आमची वाट लागली.

आजी उठल्या, पदर खोचला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. पुढची बस थांबली. आजींनी ड्रायव्हरला काय सांगितलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण त्याने इंजिन बंद केलं. आजी आल्या, बसल्या, गायल्या. बसमधलं एक माणूस हललं नाही. कोणालाही घाई नाही असं मुंबईत मी पहिल्यांदा पाहिलं.

फक्त शेवटचा शब्द संपायच्या आधीच अख्ख्या बसने टाळ्या वाजवल्या. टेक गेला. दुसरी बस आजींनी लगेच थांबवली.

*

रविवारी सकाळी स्टुडिओत एसीचं काम निघालं, दुपारपर्यंत ड्रिल सुरू. अनघाने गाण्यांची ओळख घरीच रेकॉर्ड करायचं ठरवलं; संध्याकाळी थेट फक्त फोन नंबर आणि आभार. मागून आवाज नको म्हणून पलंगावर बसली आणि डोक्यावरून गोधडी घेतली. आत मोबाइलचा टॉर्च, कागद आणि ही.

तिचे बाबा खोलीत आले. गोधडी हलतेय आणि आतून "नमस्कार मंडळी, नमस्कार मंडळी" येतंय. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगितलं, "अगो, हिका ताप भरलो. गोळी आण."

हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये आहे. मी कापलं नाही.

*

पाच वाजता कार्यक्रम लागला. सुरुवातीला सावंत बुवांचं नमन, मग बेंजो, मग आजी, असं करत शेवटी बुवांचीच भैरवी. देसाई सर खुर्ची ओढून फोनच्या शेजारीच बसले होते. दर गाण्यानंतर अनघा नंबर सांगायची आणि आवर्जून फोन करा म्हणायची.

फोन गप्प.

साडेपाच झाले. गप्प. दिन्याने रिसीव्हर उचलून डायल टोन आहे का बघितलं. सरांनी तो त्याच्या हातातून घेऊन जागेवर ठेवला. अनघाचा आवाज तसाच गोड होता, पण नंबर ती दर वेळी आधीपेक्षा सावकाश सांगायला लागली. काचेतून मला तिच्याकडे बघवेना. एवढ्या लोकांनी एवढं केलं, आणि ऐकायला कोणीच नाही?

भैरवी संपली. अनघाने सगळ्यांचे आभार मानले, माइक बंद केला आणि मान खाली घातली. सर उठले, बॅग खांद्याला लावली.

आणि फोन वाजला.

सरांनीच उचलला. पलीकडून एका अनोळखी म्हाताऱ्या बाईंचा आवाज, इतका खणखणीत की आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"काय ओ, मघापासून फोन करा, फोन करा म्हणून कित्याक सांगतात? एकदा नमन झाला की भैरवी होईपर्यंत मधी कोण बोलता काय?"

तेवढ्यात दुसरी लाइन वाजायला लागली. मग दिन्याचा मोबाइल. सर बॅगेसकट परत खुर्चीत बसले.

"चुकलं आजी," सर म्हणाले. "पुढच्या रविवारी नंबर भैरवीनंतर सांगतो."