समुद्राची रंगीत तालीम

भूकंपानंतर लातुरात दोन गोष्टी भरभराटीला आल्या, ट्यूशन आणि अफवा. आमचे बाबा पहिल्या धंद्यात होते, फिजिक्स शिकवायचे. दुसऱ्यात ते कसे पडले, ते सांगते.

भूकंपाच्या त्या रात्रीपासून आई स्लॅबखाली झोपली नव्हती. अंगणात बाज टाकून पडायची, तीही चपला घालून, आणि मांजरानं डबा पाडला तरी उठून बसायची. बाबांनी तिला पृथ्वीचे थर फळ्यावर काढून समजावले. त्यानंतर तिची उरलीसुरली डुलकीही गेली. मग त्यांनी ठरवलं, हिला समुद्रावर न्यायचं. लॉज नाही, तंबूत राहायचं. "कापड अंगावर पडलं तर कुणी मरतं का?" असं ते म्हणाले, आणि आई पहिल्यांदा कशाला तरी हो म्हणाली. माझी दहावी संपली होती, अकरावीचे क्लास आठवड्यावर आले होते. तेवढ्यात समुद्र उरकायचा होता. मी तो कधी पाहिलाच नव्हता.

तंबू मामाच्या गावाहून आला. भूकंपाच्या मदतीत मिळालेला, जाड, खाकी. मामा त्यानं कडबा झाकायचा. उलगडल्यावर आम्ही तिघंही शिंकत सुटलो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बाबांना रंगीत तालमीची हुक्की आली. समोरच्या तलाठीकाकांच्या दारात वाळूचा ढीग होता. रिटायर झाल्यावर काका क्लासची पोरं ठेवायला वरचा मजला चढवत होते. बाबा त्या वाळूवर तंबू ठोकायला लागले. मेखा ठोकल्या की उपटून यायच्या. शेवटी एक दोरी विजेच्या खांबाला आणि दुसरी काकांच्या स्कूटरला बांधली. आईनं स्टोव्ह, पाण्याची कळशी, बॅटरी आणून ठेवली. मी पोहण्यासाठी आणलेली ट्रकची जुनी ट्यूब गळ्यात घालून उभी राहिले.

काका बाहेर आले. "सर, हे काय करायलाव?"

"उद्या समुद्रावर चाललोय, काका."

काकांनी तंबू पाहिला, स्टोव्ह पाहिला, माझ्या गळ्यातली ट्यूब पाहिली. आवाज खाली आणून म्हणाले, "सर, खरं सांगा. कधी हाय?"

"काय कधी?"

"लोकं घाबरतील म्हनून बोलत न्हाई तुम्ही, हाव ना? आन् ही ट्यूब? धरन बी फुटतंय का काय?"

बाबा काही बोलायच्या आत काकांची लोखंडी कॉट रस्त्यावर आली. मग गाद्या आल्या, कुकर आले, एकांचा टीव्हीसुद्धा आला. भाड्यानं राहणारी पोरं गाईड घेऊन विजेच्या खांबाखाली बसली. बाबांनी वाळूच्या ढिगावर चढून भाषण ठोकलं, की भूकंप कधी येणार हे जगात कुणालाच आधी सांगता येत नाही.

"म्हंजे कधी बी येईल?" धर्माबादच्या एका पोरानं विचारलं. तेव्हा जी दोन घरं आत होती, तीही बाहेर आली.

मला लई राग आला होता. समुद्राच्या नावानं मला गल्ली मिळाली होती, आणि त्यात लोक माझ्या ट्यूबला हात लावून बघत होते. आई मात्र हे सगळं उभी राहून पाहत होती. एकही माणूस घरात नव्हतं. मग तिनं पायातल्या चपला काढल्या, तंबूबाहेर जोडीनं ठेवल्या आणि आत गेली.

सकाळी एसटीची वेळ झाली. पिशव्या बांधून तयार होत्या. आई तंबूत चक्क घोरत होती. मी तिला हलवायला गेले, तर बाबांनी माझा हात धरला. मला रडू येत होतं, आणि त्यांच्या डोळ्यांतही पाणी होतं.

तेवढ्यात बाहेर कॉट खणखणली. काका म्हणाले, "सर, काय बी झालं न्हाई. आता आत जावं म्हन्तो."

रात्रभर भूकंप नाही, नाही म्हणून घसा बसलेले माझे बाबा तंबूतून डोकं बाहेर काढून हळूच म्हणाले, "थांबा. धोका अजून टळलेला नाही. कुणी हलू नका. आणि आवाज तर अजिबात नको."

सगळी गल्ली श्वास रोखून बसली. थोड्या वेळानं मोठ्या रस्त्यावरून आमची एसटी हॉर्न वाजवत गेली, तेव्हा बाबा त्या ड्रायव्हरवर चिडले.