आणि एक मूठ

बसवजयंती झाली की खटकचिंचोळीत मल्लेश्वरी अक्काच्या दारात बरण्या येऊन बसतात. पांढऱ्या-तपकिरी, टवके उडालेल्या, गळ्याला सुतळी गुंडाळलेल्या. प्रत्येकीशेजारी त्या-त्या घरच्या झाडाच्या कैऱ्यांची पाटी. कुणी नावाची चिठ्ठी लावत नाही. अक्का बरणी बघून घर ओळखते आणि कैरी हातात घेऊन झाड.

"हे मडिवाळप्पाच्या हिरीवरलं," म्हणते. "औंदा पाणी कमी पडलंय. साल बगा की, म्हशीच्या कातड्यावानी झालंय."

चाळीस घरांचं लोणचं ती एका हातानं घालते. मजुरी घेत नाही. प्रत्येक बरणीतली एक वाटी तिची, एवढाच रिवाज. तिच्या घरात उन्हाळाभर काही ना काही वाळतच असतं: गवारी, कारल्याच्या काचऱ्या, ताकात भिजवलेल्या मिरच्या, कोपऱ्यात कडक भाकरीची कमरेएवढी चवड. पण ती कामं कुणीही करतं. लोणच्याला मात्र हात लागतो, आणि तो हात तिला तिच्या सासूकडून, लिंगम्माकडून आला.

लिंगम्माचा नियम एकच. मीठ हातात घेतल्यापासून बरणीला फडकं बांधेपर्यंत तोंडाला पदर बांधायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. थुंकी उडू नये म्हणून, असं शहाणी माणसं म्हणत. लिंगम्मा तसं म्हणत नसे. ती आवाज खाली आणून, शब्द ओढत म्हणे, "बरणी आईकती गंऽ. आईकलेलं ठेवून घेती. लोणचं ठेवती तसं." आणि शेवटी टाळ्याला जीभ लावून टक् करी, पाल चुकचुकावी तशी.

लिंगम्माला जाऊन तीस वर्षं झाली. तिची कमरेएवढी मोठी बरणी माजघरात, कोठीच्या खोलीच्या भिंतीला लागून उभी आहे. आता तिच्यात खडेमीठ असतं. बरणीच्या वर, भिंतीत, कोठीत उजेड जावा म्हणून ठेवलेलं वीतभर भोक. भर मे महिन्यात, दगडावर पाणी टाकलं तर चर्र व्हावं अशा दिवसांत, त्या बरणीत हात घातला की कोपरापर्यंत गार लागतं.

अक्काची सून शैलश्री पाच वर्षांपूर्वी उदगीरकडून आली. नवरा बसवेश हुमनाबादला कारखान्यात, रोज बसनं जा-ये. शैलश्री घरीच, आणि तिचं तोंड कधी मिटलेलं कुणी पाहिलं नाही. एकदा ऐकलेला माणूस ती दुसऱ्यांदा अंगणात उभा करी. बसचा कंडक्टर करी: "ओ मावशी, पाय आत घ्या! पायाचं येगळं तिकीट फाडू का?" बांगडीवाला करी: "अम्मा, हात ढिल्ला छोडो जी, पत्थर नक्को बनाओ." मडिवाळप्पा घसा कसा खाकरतात, आणि खाकरून झाल्यावर बोलायचं काय होतं ते कसं विसरतात, हे तिनं एकदा खुद्द मडिवाळप्पांपुढे केलं. ते हसले आणि पुन्हा खाकरले.

लोणच्याच्या दिवसांत अक्का तिच्या तोंडाला स्वतः फडकं बांधी, गाठ दोनदा आवळून.

"अत्ती, श्वास कोंडायलाय की!" शैलश्री सासूला म्हणे.

"कोंडू दे. गावाला चार दिस इसावा."

शैलश्री कोठीच्या खोलीत मोहरी कुटायला बसे. अक्का माजघरात कैरी, तिखट आणि मीठ घेऊन. मधे भिंत.

तीन वर्षांपूर्वी तापाची साथ आली. अक्का आठ दिवस पडून उठली. अंगात ताकद परत आली, भूक परत आली. वास आला नाही. तिनं लसूण चेचून नाकाशी धरला. काही नाही. मिठाचा खडा जिभेवर ठेवला. खडा लागला, मीठ लागलं नाही. येईल आज, येईल उद्या, करता करता बसवजयंती झाली आणि दारात बरण्या येऊन बसल्या.

कुणाला सांगावं? जिभेची चव गेलेल्या बाईच्या दारात कोण बरणी आणील? ती हाताच्या भरवशावर बसली. पण हाताला फक्त घालता येतं. पुरे कुठं म्हणायचं ते जीभ सांगते.

श्रावणात तिप्पण्णाची बायको धनलक्ष्मी पदराखाली बरणी झाकून आली. लोणच्यावर पांढरी साय चढली होती, लवदार, उंदराच्या पिलासारखी.

"अक्का, आमच्याच हाताचं काई तरी लागलं आसंल बगा. कुणाला सांगू नगा."

घरातलं लोणचं नासलं की त्या घराला काहीतरी बाधणार, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अक्कानं ती बरणी उकिरड्यात खोल पुरली. दिवाळीत तिप्पण्णाचा बाप गेला. ब्याऐंशीचा म्हातारा, दोन वर्षं खाटेवर. गावाला नवल वाटलं नाही. अक्का मात्र मातीला गेली तेव्हा धनलक्ष्मीच्या डोळ्याला डोळा देऊ शकली नाही. आपल्या हातानं माणूस गेलं, असं ती धरून बसली, आणि ते बोलायलाही कुणी नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात तिप्पण्णाचीच बरणी पहिली घेतली. भर दुपार होती. कावळासुद्धा ओरडत नव्हता. गल्लीत पांढरं ऊन, आणि दारातल्या बरण्या तोंडं उघडून ओळीनं बसलेल्या. कोठीतलं मोहरीचं कुटणं थांबलं होतं. अक्कानं परातीत तीन मुठी मीठ घातलं, चौथ्यासाठी मोठ्या बरणीत हात घातला आणि तो हात आतच राहिला. घालावी का नको? तोंडावर पदर, आणि पदराखाली ती रडत होती.

तेव्हा बरणीतून आवाज आला. खाली, ओढलेला.

"आणि एक मूठ गंऽ."

आणि टक्.

अक्काच्या मानेवरचे केस उभे राहिले. भिंतीवरच्या फोटोत लिंगम्मा कपाळभर विभूती लावून समोर बघत होती. अक्कानं मूठ भरली, परातीत टाकली. पुन्हा हात घातला, वाट पाहिली.

"पुरे."

ते लोणचं वर्षभर टिकलं. तिप्पण्णाच्या घरात सगळे धडधाकट राहिले. गाव म्हणालं, अक्काच्या हाताला औंदा लिंगम्माची चव उतरली. त्यानंतर अक्कानं चाखायचं सोंगही सोडलं. एकेका बरणीला मीठ घ्यायचं, हात गार बरणीत ठेवायचा आणि ऐकायचं. रात्री झोपताना तिच्या हाताला तो गारवा आठवे आणि ती हात पांघरुणाबाहेर ठेवी. मेलेल्या सासूच्या जिभेवर आपण चाळीस घरं पोसतोय. ती कधी म्हणेल, आता माझं मला परत दे?

यंदा धनलक्ष्मी बरणी घेऊन आली ती कमरेवर हात ठेवून. पोट पुढं आलेलं.

"सातवा लागलाय अक्का. तोंडाला निस्तं आंबट पायजे बगा. लौकर घाला आमचं."

अक्का हसली. तिनं बरणी मात्र दोन्ही हातांनी, सांभाळून आत नेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीच बरणी पुढ्यात घेतली. सुनेचं तोंड बांधलं, आपलं बांधलं. कैऱ्या फोडलेल्या, करडईचं तेल तापवून गार केलेलं. एक मूठ, दोन, तीन. कुटणं थांबलं. अक्कानं मोठ्या बरणीत हात घातला.

"आणि एक मू... आक्छी!"

अक्का तशीच बसली.

"आक्छी! आक्छी!" लिंगम्मा शिंकत होती. तिसरी शिंक मात्र लिंगम्माची नव्हती.

मेलेल्या माणसाच्या नाकात मोहरी कशी जाईल? अक्का उठली, भिंतीला वळसा घालून कोठीत गेली. शैलश्री पोत्यावर उभी होती. फडकं गळ्यात, तोंड भिंतीतल्या भोकाशी, डोळ्यांतून पाणी.

"बाहीर चल," अक्का म्हणाली.

दोघी अंगणात बरण्यांच्या मधे बसल्या.

"कवापासून?"

"तिप्पण्णांच्या बरणीपासून." शैलश्री खाली बघून बोलत होती, आणि स्वतःच्या आवाजात, म्हणून ते ऐकायला परकं वाटत होतं. "तापानंतर तुमच्यापुढं चुलीवर दूध जळालं की अत्ती. घर धुरानं भरलं. तुमी बाजूला बसून मेथी निवडायलताव. तवाच कळालं मला."

"मग सांगायचं न्हाई?"

"सांगितले आसते तर तुमी हात धुऊन उठला आसताव. तुमी घ्यायच्या आदी मी परातीत बोट बुडवून चाखायची. कैरी किती आंबट हाय ते बगायची, मुठी मोजायची, आन् भोकातून सांगायची. माझं तुमी आईकलं आसतं का? सासूचं आईकलं."

अक्काला आधी राग आला, मग हसू आलं, आणि हसता हसता पदर डोळ्यांना गेला. दोन वर्षं ती एका शिंकेला भीत होती! हात परत मागायला कुणी येणार नव्हतं. नासायची भीती नव्हती, घरात जिवंत जीभ होती. तिनं सुनेच्या पाठीत एक धपाटा घातला.

"भवाने. हुबेहूब करायलीस की. ते टक् सुद्दा."

"ते टक् तर लई दिस जमत नव्हतं."

अक्काचा हात पाठीवर होता तिथंच थांबला.

लिंगम्माला जाऊन तीस वर्षं. शैलश्री आली पाच वर्षांपूर्वी. त्या घरात लिंगम्माचा एक फोटो होता. आवाज कशावरही नव्हता. बसवेश तेव्हा पाळण्यातून नुकता उतरलेला. त्यालाही आठवत नव्हता.

"शैला," अक्का हळू म्हणाली, "तू त्यांचा आवाज कुटं आईकलीस?"

"तुमीच करून दावलाव न्हवं कवा तरी?"

"न्हाई. मला कुणाचा आवाज करता येत न्हाई."

शैलश्रीनं मान वळवून माजघराच्या दाराकडे बघितलं.

"मी आलेले त्या पैल्या उन्हाळ्यात मोठी बरणी धुवायला सांगितलाव मला. आत डोकं घातले, काथ्यानं घासायलते. आतून कुणीतरी बोलायलं. मला वाटलं बाहीरून तुमीच तुमच्या सासूची नक्कल करायलाव. म्हणलं, ह्या अत्तीचा बरणीत आवाज कसला मज्जेचा घुमायलाय! म्हणून ध्यानात ऱ्हायला."

"काय बोलायलं?"

"एकच. 'आणि एक मूठ गंऽ, आणि एक मूठ.' निस्तं तेच. 'पुरे' मी माझ्या मनानं लावले."

ऊन अंगणभर होतं आणि अक्काला थंडी वाजली. कारण ते शब्द तिनं ऐकलेले होते.

लिंगम्माचा शेवटचा उन्हाळा. म्हातारी भर दुपारी बरणीवर वाकून बसे. तोंडाला पदर नाही. जन्मभर पाळलेला नियम विसरून बरणीशी बोले. आणि एक मूठ, आणि एक मूठ, म्हणत मीठ घालत राही, घालत राही. लोणचं खारट वीख होई. मल्लेश्वरी तेव्हा तरणी सून. सासूचा डोळा लागला की ती ओंजळीनं मीठ काढी, फोडी धुई, पुन्हा घाली, आणि कुणाला सांगत नसे. म्हातारपण, एवढंच तिला वाटलं होतं.

आज तिला कळलं. लिंगम्मालाही मीठ लागत नव्हतं. पुरे म्हणायला जीभ नव्हती, म्हणून ती भ्यायलेली बाई घालत राहिली होती. आणि बरणीनं तिची चव ठेवली नव्हती. भीती तेवढी ठेवली होती.

"चल," अक्का म्हणाली. "कैऱ्या सुकायल्यात. धनलक्ष्मीचं अर्धं ऱ्हायलंय."

आत येऊन तिनं परात सुनेपुढे धरली. शैलश्रीनं उघडउघड बोट बुडवलं, चाखलं, एक बोट वर केलं. अजून एक मूठ. मग अक्कानं सुनेच्या तोंडाला फडकं बांधलं, गाठ दोनदा आवळली, आणि तिला भिंतीपलीकडे न धाडता आपल्यासमोर बसवलं. स्वतःचा पदर बांधला. चौथी मूठ घातली, कालवली. पुन्हा परात पुढं केली. शैलश्रीनं फडकं जरासं उचलून चाखलं, हाताचा तळवा आडवा फिरवला. पुरे.

अक्का मिठावर झाकण ठेवायला वाकली.

"आणि एक मूठ गंऽ."

शैलश्रीचे डोळे फडक्याच्या वर होते, विस्फारलेले. तिचे दोन्ही हात परातीवर होते. कोठीत कुणी नव्हतं.

"आणि एक मूठ." आणि टक्.

अक्काचा हात आपोआप बरणीत गेला. कोपरापर्यंत गार. बोटं मिठात रुतली, मूठ भरली. दोन वर्षं ह्या आवाजानं चाळीस घरं राखली, असं तो हात मानत होता. समोर सून नकाराची मान हलवत होती, जोरजोरानं, आणि तिच्या गालावरून पाणी फडक्यात मुरत होतं. अक्काला धनलक्ष्मीचा कमरेवरचा हात दिसला. मग बरणीवर वाकलेली ती म्हातारी दिसली.

तिनं तोंडाचा पदर सोडला. बरणीवर वाकली, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिच्यात बोलली.

"पुरे, अत्ती. सगळं बेस झालंय. कुणाचं काई नासलं न्हाई. पुरे आता."

मूठ आतच उघडली. मीठ मिठावर पडल्याचा बारीक आवाज आला. त्यानंतर काही आलं नाही. माजघरात माश्यासुद्धा थांबल्या होत्या.

धनलक्ष्मीची बरणी भरली, फडकं बांधलं, सुतळी आवळली. तेव्हाच दोघींनी तोंडं मोकळी केली. एरवी गाठ सुटायच्या आत कंडक्टर नाहीतर मडिवाळप्पा घरात येत. त्या दिवशी कुणी आलं नाही.

श्रावणात धनलक्ष्मीनं वाटीभर लोणचं पाठवलं, आणि निरोप: मुलगी झाली, दोघी खुशाल. मग एके दिवशी मीठ संपलं आणि मोठी बरणी धुवायची वेळ आली. शैलश्रीनं काथ्या घेतला, आत डोकं घातलं, आणि घासता घासता थांबली. बराच वेळ तशीच वाकून राहिली.

"काय गं?" अक्कानं विचारलं.

शैलश्री बाहेर आली. आतून ऐकलेलं 'पुरे, अत्ती' करून दाखवायला तिनं ओठ जुळवले, आणि अक्काच्या तोंडाकडे बघून ते तसेच सोडले.

"न्हाई जमत मला तुमचं," ती म्हणाली. "तुमी हाव तवर तरी."