सोफ्यावरचा दर्यावर्दी

पॅसिफिक महासागर तीन वेळा पालथा घातलेला, पण पायाला कधी पाणी लागू न दिलेला माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. दाजी मूळचे सोलापूरचे, म्हणजे पाण्याशी त्यांचा संबंध एक दिवसाआड नळ येण्यापुरताच. तिथून निघून ते तीस वर्षांपूर्वी अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत येऊन पडले. इथून कुठल्याही दिशेला गाडी काढली तरी समुद्र लागायला दोन दिवस तरी हवेत. अशा जागी सोफ्यावर पुस्तकं घेऊन बसून या गृहस्थांनी अठराव्या शतकातल्या इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या तिन्ही सफरी इतक्या वेळा केल्या आहेत की खुद्द कुकला एखाद्या बेटाचं नाव आठवलं नसतं, तर त्याने दाजींना फोन केला असता.

हा नाद कसा लागला ते नक्की कुणालाच माहीत नाही. ताई म्हणते, लग्न झालं तेव्हा होताच, तिला आधी सांगितलं नव्हतं एवढंच. दाजी कुकबद्दल बोलतात ते आपल्या गल्लीतल्या एखाद्या हुशार मुलाबद्दल बोलावं तसं. "शेतमजुराचा पोरगा हो! किराणा दुकानात पुड्या बांधत होता. तिथून कोळशाच्या जहाजावर गेला, गणित स्वतःचं स्वतः शिकला, आणि पुढे न्यूझीलंडचा नकाशा काढला!" हे सांगताना ते सोफ्यावरून उठून उभे राहतात. त्यांची स्वतःची मुलगी इथे वकील झाली, तेव्हा मात्र ते फक्त "छान" म्हणाले होते. ती मुलगी, आमची रेवा, याच देशात जन्मलेली आणि बापाला मुळीच न भिणारी. ती एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, ही वॉज नॉट अ गुड गाय. त्या लोकांची लँड होती. ही जस्ट शोड अप विथ गन्स." आम्हाला वाटलं आता भांडण पेटणार. पण दाजींनी वरणभात कालवत शांतपणे सांगितलं, "बरोबर आहे तुझं. शेवटी शेवटी तर फारच वाईट वागला. नकाशे मात्र खरे काढायचा. दिसलं तेवढंच काढायचा, जे दिसलं नाही तिथे रेघ ओढायचा नाही."

हीच दाजींची गीता. ते स्वतः एक लॉग ठेवतात. जहाजावर कप्तान रोजची नोंद लिहितो ना, तसा. भाजी आणायला गेले तरी गाडीत बसून आधी वेळ, वारा, आकाश, हवामान. फोनवरची बाई रस्ता सांगते ते त्यांना चालत नाही. "शोध लावायचा असतो, कुणी सांगायचा नसतो," असं म्हणून ते आम्हाला एकदा लग्नाऐवजी एकाच भलत्या पार्किंगमध्ये तीन वेळा घेऊन गेले. कुकप्रमाणे यांनीही सगळ्या परिसराला नावं ठेवली आहेत. गाडी जिथे बर्फात रुतली ते वळण म्हणजे 'संकट भूशिर', आणि ज्यांच्याकडे दोन तास बसलं तरी चहा मिळत नाही ते घर म्हणजे 'कोरडा उपसागर'. लॉगमध्ये खोटं लिहायचं नाही, हा नियम इतका कडक की एका दिवाळीची नोंद मी स्वतः वाचली आहे: 'बासुंदी तळाला लागली. पाहुण्यांनी स्तुती केली.' ताईने त्यानंतर दोन दिवस स्वयंपाकघरात संप पुकारला होता. त्याचीही नोंद आहे, वेळेसकट.

कोबीचा किस्सा तर आमच्या मराठी मंडळात अजून सांगितला जातो. कुकने आपल्या खलाशांना स्कर्व्ही हा हिरड्यांचा रोग होऊ नये म्हणून आंबवलेला कोबी खायला घातला होता. दाजींनी मंडळाच्या उन्हाळी सहलीसाठी तोच कोबी गराजमध्ये सहा आठवडे आंबवला. सहलीला बरणी उघडल्याबरोबर शेजारचं टेबल रिकामं झालं. पुण्याच्या एक काकू म्हणाल्या, "आमच्याकडे असं झालेलं टाकून देतात." दाजी डगमगले नाहीत. त्यांनी कागदावर 'फक्त कार्यकारिणीसाठी राखीव' असं लिहून बरणीला चिकटवलं आणि लांब जाऊन बसले. पाऊण तासात बरणी चाटूनपुसून साफ! दोघे तर "कार्यकारिणीला वेगळं जेवण का?" म्हणून भांडायलाही आले होते. "कुकने हेच केलं होतं," दाजी मला हळूच म्हणाले. "आधी फक्त अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवला. माणसं सगळीकडे सारखीच."

आणि या माणसाला पाण्याची भीती वाटते. थोडीथोडकी नाही, तर टबात न उतरता बाहेर बादली-तांब्या घेऊन आंघोळ करण्याइतकी. हजारो तळ्यांच्या या राज्यात आम्ही सगळे पॅडल बोटीत बसून हिंडतो, तेव्हा दाजी काठावर लाइफ जॅकेट घालून बसलेले असतात. हो, काठावर! ताई उलट पहिल्यापासून पाण्याची वेडी. तिची एकच हौस होती, बोटीत बसून खऱ्या समुद्रात आत जायचं. "किनाऱ्यावरून भेळ खात पाहिलाय, तो नको," म्हणायची. दाजी दर वर्षी हो म्हणायचे आणि दर वर्षी काहीतरी काढायचे. कधी वादळांचा मोसम, कधी गुडघा, कधी म्हणे वारं प्रतिकूल. वारं प्रतिकूल! अमेरिकेच्या मधोमध, हीटर लावलेल्या हॉलमध्ये!

मग दोन वर्षांपूर्वी ताईला अक्षरांचा मधला भाग पुसट दिसू लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, औषधाने वेग कमी होईल, पण समोरचं दिसणं हळूहळू जाणार. परत येताना गाडी मी चालवत होते. ताईने चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. मग मागे बसलेल्या दाजींना म्हणाली, "अहो, मला एकदा समुद्र दाखवा. दिसतंय तोवर." बस, एवढंच. आदळआपट नाही, रडणं नाही. मला मात्र हायवेवरचे दिवे नीट दिसेनात.

तीन दिवस दाजींच्या तोंडून कुक हा शब्द निघाला नाही. चौथ्या दिवशी सकाळी मला फोन. "तिकिटं काढ, तिघांची. हवाई."

मी म्हटलं, "दाजी, अहो, हवाईत तर कुकला..."

"मारला. माहितेय मला. तो भांडायला गेला होता, आपण बघायला जातोय. आणि परतीचं आत्ताच काढ."

कुक जिथे पडला त्या खाडीच्या काठावर एक पांढरा स्तंभ आहे. बोटीतून जाऊन पाहता येतो. दाजींनी त्याची चित्रं आयुष्यभर जमवली होती. बोटीवर चढताना त्यांनी लाइफ जॅकेट दोनदा आवळलं, खिशात आलेपाक, हातात लॉग. बोटीने वेग घेतला, पहिली लाट खालून आली, आणि दाजींनी डोळे गच्च मिटले ते मिटलेच. एका हातात कठडा, दुसऱ्या हातात ताई. बोट चालवणाऱ्या गोऱ्या मुलीने मला विचारलं, "इज ही ओके?" मी म्हटलं, "ही इज नॅव्हिगेटिंग."

ताईला तोवर सरळ पाहिलं की मध्ये धुकं दिसायचं, म्हणून ती मान वळवून कडेने बघायची, कुणावर रुसल्यासारखी. तशी रुसून तिने सगळा समुद्र पाहिला. आणि दाजी डोळे मिटून विचारत राहिले.

"पाण्याचा रंग?"

"काठाजवळ हिरवा. आत एकदम शाईसारखा."

"खांब दिसला?"

"दिसला हो. पांढरा. इथून मैलाच्या दगडाएवढाच वाटतोय."

"एवढासाच?"

"एवढासाच. तुम्ही उघडा की डोळे!"

"नको. तू सांग."

तेवढ्यात बोटीतले सगळे ओरडले. डॉल्फिन! ताईने दाजींचा हात इतका घट्ट दाबला की ते कळवळले. "एक... दोन... अहो, तिसरा! गिरकी घेतली त्याने हवेत!" मी ताईला इतकं आनंदी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. दाजींच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वाऱ्याने आलं असं ते अजून सांगतात. आयुष्यभर ज्या जागेचं स्वप्न पाहिलं तिथे ते जाऊन आले, आणि ती जागा त्यांनी पाहिलीच नाही.

आता ताईला समोरचं काही दिसत नाही. घरात ती सराईतपणे वावरते, पोळ्या हाताच्या अंदाजाने करते, आणि त्या आमच्यापेक्षा गोल होतात. रोज संध्याकाळी चहा झाला की दाजी लॉग काढून हवाईचं ते पान तिला वाचून दाखवतात. खिडकीबाहेर तळं गोठलेलं असतं आणि आत पाणी शाईसारखं होत जातं. मागच्या आठवड्यात मी तिथे होते. दाजी वाचत होते, "डॉल्फिन, अकरा."

"काल नऊ होते," ताई म्हणाली.

"मोजण्यात चूक झाली होती. दुरुस्त केलं."

ताईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, तसंच रुसल्यासारखं, आणि हसली. मी मागून वाकून वही बघितली. त्यांच्या त्या कोरीव अक्षरात लिहिलं होतं: 'डॉल्फिन तीन. स्वतः पाहिले नाहीत. पत्नीच्या सांगण्यावरून.' त्यात एका अक्षराचीही खाडाखोड नव्हती.

"आणि गिरकी किती जणांनी घेतली?" ताईने विचारलं.

दाजींनी वही मिटली. "सगळ्यांनी," ते म्हणाले.