बुधवार, वांग्याचा पहिला तोडा

"वांग्याचा पह्यला तोडा म्हणजे कोनती तारीख वं?"

मोठ्या सरांनी हे माझ्या आईला विचारलं. सगळ्या व्हरांड्याला ऐकू जावं एवढ्या आवाजात विचारलं. पहिलीत नाव घालायचा दिवस होता. टेबलाभोवती सात-आठ बाया आणि त्यांची पोरं. आईनं एका हातानं माझं मनगट धरलेलं, दुसऱ्या हातात वांग्यांची पिशवी. वांगी सरांसाठी. सकाळीच तोडलेली, देठाचे काटे अजून टोचतील अशी.

त्याआधी आई म्हणाली होती, "भाऊबीज झाली सर, तिच्या तिसऱ्या रोजी. बुधवार होता. वांग्याचा पह्यला तोडा होता, तोडता तोडताच मले कळा आल्या. विहिरीले पानी लागलं, ते साल."

एवढं सगळं सांगितलं होतं तिनं. कुठंही न अडखळता.

सर खुर्चीत मागे रेलले. शेजारच्या मास्तरांना म्हणाले, "लिहा गुरुजी, जन्मतारीख वांग्याचा तोडा." मास्तर हसले. मग बाया हसल्या. त्यांच्याही पोरांच्या तारखा अशाच होत्या, तरी हसल्या. आईसुद्धा हसली, तोंडाला पदर लावून. मी तिच्या कमरेएवढी होते, खालून बघत होते. मला पदराआडचं तोंड दिसत होतं. त्या तोंडावर हसू नव्हतं.

"एक जून टाका," सर म्हणाले. "या लोकायले तारीख नसते."

मग त्यांनी पिशवी पायानं टेबलाखाली सरकवली. वांगी ठेवून घेतली. तारीख नाही.

मोठे सर म्हणजे आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. शाळा त्यांच्याच घराण्याच्या संस्थेची, नदीकाठची बरीचशी जमीनही त्यांच्याच घराण्याची. आमचा दीड एकराचा मळा, त्यात वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर. देऊळघाटच्या पलीकडं आमचं गाव. नाव मुद्दाम सांगत नाही. एक जून का, तर त्या तारखेला सहा वर्षं पुरी दाखवली की पहिलीत घेता येतं. मला सहावं संपायला पाच महिने बाकी होते. सरांनी ते पाच महिने एका फटक्यात खाऊन टाकले.

तर मी एक जूनची झाले. एक जूनला शाळा बंद असते, त्यामुळं वाढदिवस कधी झालाच नाही. पुढं नर्सिंगला गेले, तिथं हॉस्टेलवर आम्ही चौघी एक जूनच्या निघालो. चौघी खेड्यातल्या. पुण्याकडची एक मुलगी म्हणाली, "बरं आहे गं, तुम्हा सगळ्यांना एकच केक पुरतो." आम्ही हसलो. मीही हसले, आईसारखीच. फक्त माझ्याकडं पदर नव्हता.

बुलढाण्यात एका खासगी दवाखान्यात मी आठ वर्षं अतिदक्षता विभागात काम करते आहे. दोन वर्षांपूर्वी कॅनडासाठी नाव नोंदवलं. तिथं जाण्यासाठी गुण मोजतात. वयाचे इतके, शिक्षणाचे इतके, अनुभवाचे इतके, इंग्रजीचे इतके. सगळ्यांची बेरीज करून एका यादीत ठेवतात. अधूनमधून निवड निघते आणि एक आकडा जाहीर होतो. तुमची बेरीज त्या आकड्याला पोचली तर बोलावणं. नाही पोचली तर थांबा.

खरं सांगते, मला ही पद्धत फार आवडली होती. आडनाव विचारत नाहीत. बाप कोण, कोणाच्या ओळखीनं आलीस, काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला फक्त माझ्या कामानं मोजणार होतं. इंग्रजीच्या परीक्षेला तीनदा बसले. दर वेळी थोडे गुण वाढले. निवड निघाली की आई फोन करायची.

"लागली का व लॉटरी?"

"लॉटरी न्हाई माय, निवड असते ते."

"तेच ते. लागली का?"

नव्हती लागली. पण दर वेळी आकडा जवळ येत होता. तेवढ्यात या वर्षीचा एक जून आला. सकाळी बँकेचा मेसेज, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. मग मी यादीतलं माझं पान उघडलं. कागदावर मला तीस पुरी झाली होती. तिशी लागली की वयाचे गुण कमी होतात. पाच गुण गेले होते.

जुलैत निवड निघाली. आकडा पाहिला. तो माझा जुना आकडा होता, एकतीस मेपर्यंत माझ्या नावापुढं असलेला, तंतोतंत तोच. मी ड्यूटीवर होते. एका आजोबांची सलाइन बदलली, हात धुतले, आणि मोबाइल काढून परत पाहिला. तोच होता.

ज्या यादीत माझं आडनावही कोणी विचारलं नव्हतं, त्या यादीत मोठे सर माझ्या आधी जाऊन बसले होते.

त्या आठवड्यात गावी गेले. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. मी विचारलं, "माय, मी कधी झाले?"

"भाऊबीज झाली, तिच्या तिसऱ्या रोजी," आई म्हणाली. "बुधवार होता. वांग्याचा पह्यला तोडा."

तेच शब्द, त्याच क्रमानं. विहिरीचं सालही तिनं सांगितलं. मी उठून मळ्यात गेले. विहिरीच्या कठड्यावर बाबांनी ओल्या सिमेंटात काडीनं साल कोरलेलं आहे. ते वाचलं. तिथंच उभ्यानं मोबाइलवर त्या सालचं पंचांग काढलं. भाऊबीज रविवारी. सोमवार एक, मंगळवार दोन, बुधवार तीन. आधीचं साल पाहिलं, नंतरचंही पाहिलं. दोन्हीकडं बुधवार येत नाही. फक्त त्याच साली येतो.

म्हणजे आई त्या दिवशी पुरी तारीख घेऊन गेली होती. दिवस, वार, साल, सगळं. पदवीधर माणसासमोर तिनं ती मांडली होती. त्याला ती वाचता आली नाही. आणि चोवीस वर्षं अडाणी म्हणून मान खाली घातली ती माझ्या आईनं! मला इतका राग आला की रडूही येईना.

वकिलाकडं गेले. ते म्हणाले, जुनी नोंद अंदाजानं केली होती असं शाळेचं पत्र आणा. पत्र असेल तर धावपळ करून दिवाळीच्या आत आदेश मिळवू, पासपोर्टवरची तारीख बदलू. नसेल तर वर्ष-दीड वर्ष धरून चाला. भाऊबीजेच्या तिसऱ्या दिवसापर्यंत मी खरी एकोणतीसचीच होते. तोपर्यंत ते पाच गुण माझे होते. एका पत्राचा प्रश्न होता.

आईला घेऊन शाळेत गेले. सर आता संस्थेचे अध्यक्ष. कारकुनानं आधी जुनं दाखल रजिस्टर काढलं. माझ्या वर्गाचं पान. सरांचा पुतण्या, सतरा ऑगस्ट. पाटलांची मुलगी, नऊ जानेवारी. दुकानदाराचा मुलगा, तीन मार्च. आणि आमच्या आळीतली पोरं: एक जून, एक जून, एक जून. मी बोट लावून मोजले. अकरा. कारकून म्हणाला, "ताई, पान दाबू नका, फाटन."

सरांनी आत बोलावलं. "ये, ये. कॅनडाले चालली म्हंते. आपल्या शाळेची पोरगी!" मला खुर्ची दाखवली. आई दाराजवळ खालीच बसली.

"माय, खुर्चीवर बस," मी म्हटलं.

"राहू दे तिले," सर म्हणाले. "तिले तसंच बरं वाटते."

मी काय हवं ते सांगितलं. पंचांगाचा कागद पुढं ठेवला. त्यांनी तो पाहिला नाही. पण पत्र द्यायला लगेच तयार झाले, कारकुनाला बोलावून तिथल्या तिथं मजकूर सांगितला. छापून आला. मी वाचला. 'पालक अशिक्षित व अज्ञानी असल्याने पाल्याची जन्मतारीख सांगू शकले नाहीत. सबब अंदाजे नोंद घेण्यात आली.' खाली जागा सोडलेली. सरांनी पेनाचं टोपण काढलं.

"सर, तिनं सांगितली होती," मी म्हटलं.

"काय सांगतली होती? वांगे?"

आणि हसले. तेच हसू. आवाज म्हातारा झाला होता, हसू तेच.

"ही ओळ बदला सर. पालकांनी तिथी, वार सांगितला होता, तो लिहून घेतला नाही, असं लिहा."

"म्हंजे चूक माही?" त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "पत्र असंच भेटन. पायजे तं घे."

पत्र माझ्या हातातच होतं. खोटं कशाला सांगू, घ्यावं असं वाटलं मला. एक ओळ. कॅनडात कोण वाचणार ती मराठी ओळ? तेवढ्यात मागून आई बोलली.

"घे व बाई. लिहू दे अडानी. माह्यं काय जाते त्याच्यात? तुह्ये पाच गुन तं येतीन."

पाच. तिला आकडा पाठ होता. कॅनडा कुठं आहे हे तिला माहीत नाही, पण माझे किती गुण गेले ते माहीत होतं. आणि ते परत आणायला ती स्वतःला अज्ञानी लिहून द्यायला तयार होती. जमिनीवर बसून. ज्या माणसानं तिचं ऐकलं नाही, त्याच्यापुढं.

मी पत्र सरांच्या पुढ्यात परत ठेवलं.

"हे खोटं आहे सर. माझ्या आईनं तारीख सांगितली होती, तुम्हाला समजली नाही. असं लिहून सही करा, आत्ता घेऊन जाते."

"लय शिकली तू."

"हो. तुमच्याच शाळेत."

"मंग बस थांबत," सर म्हणाले.

"थांबते. सवय आहे मला."

आईला हाताला धरून उठवलं. बाहेर येऊन रीतसर अर्ज दिला, रजिस्टरच्या त्या पानाचा साक्षांकित उतारा मागितला. नियमानं द्यावाच लागतो. कारकुनानं दिला, माझ्याकडं न बघता.

घर जवळ आल्यावर आई म्हणाली, "येडी हायेस वं तू. हातातले सोडले." दोन दिवस मलाही तसंच वाटत होतं. स्वतःचा राग येत होता. तिसऱ्या दिवशी गेला, परत आला नाही.

कोर्टाबाहेर टायपिंगवाले बसतात. तारीख बदलायचा अर्ज कोर्टात टाकायचा होता, त्याला जोडायला आईचं प्रतिज्ञापत्र करायला तिथं गेलो. मी मजकूर सांगू लागले तसा तो माणूस थांबला. "ताई, वांग्याचा तोडा असं कुठं लिहितात का? मी 'अंदाजे' टाकतो."

"अंदाजे नाही. ती सांगते तसंच लिहा."

त्यानं लिहिलं. मोठ्यानं वाचून दाखवलं. आई कान देऊन ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "बुधवार राह्यला, भाऊ."

त्यानं बुधवार घातला. आईनं अंगठा लावला. तिला सही येत नाही. तारीख येते.

दिवाळी झाली, भाऊबीज झाली, तिसरा दिवसही गेला. आता मी खरीच तीसची आहे. ते पाच गुण गेले आणि ते परत येणार नाहीत. मधे एक निवड निघाली, तीतही मी नव्हते. वकील म्हणतात, आता तारीख बदलून काय उपयोग, अर्ज मागे घ्या. घेणार नाही. इंग्रजीला चौथ्यांदा बसणार आहे, ड्यूटीला जाता-येता फ्रेंच शिकते आहे, तिचेही गुण मिळतात, गेलेले पाच तिथून काढीन. पण निवड झाली तरी तारखेचा अर्ज चालूच राहील. जाईन तर बुधवारची बाई म्हणूनच जाईन.

आणि आणखी एक काम काढलं आहे. त्या पानावर अकरा एक जून आहेत. त्यातल्या नऊ जणांच्या आया अजून आहेत. सुट्टी मिळेल तशी एकेकीच्या घरी जाते, वही घेऊन बसते, विचारते. एकजण म्हणाली, पोळ्याच्या आदल्या दिवशी, मुगाच्या शेंगा तोडत होते. दुसरी म्हणाली, शिमग्याच्या दिवशी, हरभऱ्याचं खळं चालू होतं, सोमवार. आतापर्यंत सहा झाल्या. सहाही जणींना दिवस माहीत आहे, चौघींना वारसुद्धा. मी घरी येऊन पंचांग लावते आणि तारीख लिहिते.

सगळ्या पुऱ्या झाल्या की तो कागद सरांच्या टेबलावर ठेवायला जाणार आहे. आईला बरोबर नेणार आहे, खुर्चीवर बसवणार आहे.

या वेळी वांगी नेणार नाही.