राजाची उडी माफ

सगळ्यात आधी गिरिजाकाकूंचं नाव लिहिते. पुढं रागाच्या भरात ते मागं पडायला नको. जिंतूरच्या शिवअप्पांच्या त्या पत्नी. अप्पांसाठी आणि माझ्यासाठी चार माणसांत उभं राहून बोलल्या त्या एकट्या काकूच. अप्पा दीड महिन्यापूर्वी गेले. मी तिरुपूरला कपड्यांच्या कंपनीत शिवणकाम करते. जेवणाच्या सुट्टीत काकूंचा फोन आला. "मंगल, जेवलीस का?" आधी एवढंच विचारलं. मी हो म्हणाले, तेव्हा सांगितलं, "अप्पा गेले गं सकाळी." डबा अजून उघडायचाच होता... पण काकूंना नाही म्हणून कसं सांगायचं?

आठवीतून माझी शाळा सुटली, त्यामुळं लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या. चारठाण्याहून रोज एसटीनं जिंतूरला यायचे. अप्पांच्या कापडदुकानाच्या ओट्यावर माझं पिको-फॉलचं मशीन होतं. आत गल्ल्याशेजारी संगणक. मुलानं तो बिलं करायला दिलेला, अप्पांनी त्यात बुद्धिबळ भरून घेतलं. एकदा साडीला फॉल लावता लावता माझ्या तोंडून निघून गेलं, "अप्पा, तुमचा उंट मरायलाय." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणी शिकवलं गं?" म्हटलं, वडिलांनी. "मग तिथं काय करायलीस? ये हिकडं."

वडिलांनी शिकवलेला डाव देशी. त्यात राजाला शह बसायच्या आधी एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते. मी संगणकावर उडी मारली की राजा गुमान आपल्या घरात परत. मला वाटलं माउस बिघडलाय. अप्पांनी सेटिंगचं पानन् पान उघडून पाहिलं आणि हात टेकले. "ह्याच्यात उडी कुठंच न्हाई. आता तुलाच इसरावी लागंल." मी काही विसरले नाही. त्या वर्षी परभणीच्या खुल्या स्पर्धेत दुसऱ्याच डावात हात सवयीनं गेला आणि राजा उडाला. समोरचा हसला, पंच हसले, मागची दोन टेबलं हसली. परतीच्या गाडीत अप्पा म्हणाले, "हसू दे. आपुन त्या यंत्राला माणूस करू, मग तू त्याच्याशी खेळ."

यंत्राला माणूस करायचं म्हणजे काय, ते मला पुढं कळलं. अप्पांची तक्रार अशी, की सगळ्यात खालच्या लेव्हलवर ठेवलं तरी ते दहा चाली मास्तरासारख्या खेळतं आणि अकराव्या चालीला वजीर फुकट देऊन टाकतं. "असं कोण हारतं? माणूस आधी भेतो, मग चुकतो." मग त्यांनी एक वही घातली. दर रविवारी एकच आकडा बदलायचा, दोन नाही. तीन डाव यंत्राशी मी खेळायचे, तीन अप्पा खेळायचे, मग वहीत नोंद. पुढच्या किती चाली पाहायच्या : तीन. पाठ केलेल्या सुरुवाती : बंद. हार मानणे : बंद. शेवटची दोन म्हणजे आकडे नव्हेत, बटणं होती, आणि हार मानण्याचं बंद केल्यावर त्यांना लय आनंद झाला. "आता ह्यो अर्ध्यातून उठून जात न्हाई. तू बी जायचं न्हाई." दोन आकडे एकदम बदलले तर कशानं फरक पडला ते कळत नाही, असं ते म्हणायचे. कापड एकदाच कापायचं असतं आणि दोनदा मोजायचं असतं, त्याच हातानं ते संगणकाचं काम करायचे.

पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत मी सगळे डाव जिंकले. आणि मग कॉपीच्या संशयानं स्पर्धेच्या समितीनं माझी पिशवी उघडली. दाराबाहेर ठेवलेल्या त्या पिशवीत डबा होता आणि ती वही होती. मोबाइल माझ्याकडं नव्हताच. सचिवांनी वही सगळ्यांसमोर वाचली. "पुढे तीन, वेळ पाच, बंद, बंद. ही कसली सांकेतिक भाषा?" अप्पा पुढं झाले. "साहेब, वही कम्प्युटरची हाय. डोकं पोरीचं सोताचं हाय. बसवा तिला कुणापुढं बी." सचिव म्हणाले, "अप्पा, तुम्ही कापड मोजा." लोक हसले. रजिस्टरात माझ्या नावापुढं 'गैरप्रकार' लिहिलं आणि अप्पांना सभागृहात यायला बंदी घातली. बाहेर पडलेल्या पिशवीतल्या वहीनं आत बसलेली बाई कशी जिंकते, एवढं तरी कुणी विचारायचं होतं! वही नीट वाचली असती तर कळलं असतं, की ते आकडे यंत्राचे आहेत, चालींचे नाहीत. कुणाला वाचायचीच नव्हती. पिको-फॉलवाली जिंकलीच कशी, हे त्यांना सोसत नव्हतं.

अप्पांनी तीन अर्ज दिले. एकाचंही उत्तर आलं नाही. जिंतुरात साडी द्यायला आलेल्या बाया विचारायच्या, "तूच का गं ती कॉपीवाली?" मी तिरुपूर गाठलं. अप्पा मात्र तिथंच राहिले, ते बोलणं ऐकत.

आणि आता ऐका. अप्पा गेल्यावर तीच समिती शोकसभा घेते. अप्पांना ज्या सभागृहाची बंदी होती, तिथंच त्यांचा फोटो, त्याला हार! सचिव 'बुद्धिबळाचा दीपस्तंभ' म्हणून बोलले आणि अप्पांच्या नावानं चषक जाहीर केला. काकूंना शाल द्यायला बोलावलं. काकू उठल्या, पण शाल घेतली नाही. शेजारच्या बाईनं फोन धरला होता म्हणून मला ऐकू आलं.

"आधी ते रजिष्टर आणा."

"काकू, आता जुनं कशाला काढायचं..."

"जुनं कसं? अजून तसंच लिवलेलं हाय की. जितेपणी चोर आन् मेल्यावर दीपस्तंभ व्हय? पोरीच्या नावापुढचं खोडा. तवर ह्यांचं नाव तुमच्या चषकावर घालायचं न्हाई."

काकू नवऱ्याशी सुद्धा चढ्या आवाजात बोलायच्या नाहीत. त्या दिवशी बोलल्या. रजिस्टर आलं नाही. 'बघू' म्हणाले. अजून बघतायत.

मागच्या रविवारी काकूंनी वहीच्या पानांचे फोटो पाठवले. शेवटचं पान मी कधी पाहिलं नव्हतं. वर अप्पांच्या अक्षरात 'गिरिजा'. खाली आकडे नाहीत, एकच ओळ : 'हिला राजाची उडी माफ.' काकूंना फोन केला तर लाजल्या. "मला तेवढीच तर येती गं. ते म्हणायचे, बसवतो तुला बी एक दिवस. ऱ्हाऊनच गेलं. दुकान आता पोरगा बघतो, पर कम्प्युटर मी हलू दिला न्हाई. तू आलीस की लाव."

संगणकात राजाला उडी कशी मारू द्यायची, मला अजून माहीत नाही. इथं एकजण म्हणतो, नियम आपले आपण लिहून देता येतील असं बुद्धिबळ मिळतं. इंग्रजी अडतं, पण शब्द लावून लावून वाचायलेय. काकू, तुमच्या पानावरचे आकडे मी भरणार, दर रविवारी एकच, दोन नाही. रजिस्टरातलं खोडलं जावो न जावो, एक दिवस गल्ल्याशेजारी तुम्हाला बसवीन आणि तुमचा राजा उडी मारेल, परत घरात जाणार नाही. तेवढं तुमचं माझ्याकडून येणं आहे.