तीन वार एका दमात

लोणावळ्यात एखाद्या बंगल्याचं सामान लिलावात निघालं की निम्मी माणसं सामान बघायला जात नसत, गफूरचाचांना ऐकायला जात. तीन पायांची खुर्ची असली तरी चाचा ती अशी पुकारायचे की आपल्या घरात आजवर बसायला काहीच नव्हतं असं वाटू लागे. "याऽऽ, बसा! साहेब बसला, मॅडम बसली, आता तुमची पाळी! दोन रुपय एऽऽक वार..." हा 'एक' निघायचा तो खंडाळ्याला जाऊन, पाणी पिऊन, आरामात परत यायचा. मग 'दोऽऽन वार'. मग चाचा थांबायचे, डाव्या हातानं मिशी पुसायचे, आभाळाकडे बघायचे. तेवढ्यात कोणीतरी घाबरून आठ आणे वाढवायचाच. शेवटचा 'तीन' मात्र एवढुसा, डबीचं झाकण लावावं तसा.

हा आवाज रेल्वेनं कमावलेला. तरणेपणी चाचा घाटात रुळांच्या गँगवर होते. गाडी येताना दिसली की ओरडून माणसांना बाजूला काढायचं, एवढंच त्यांचं काम. एकदा लिलाववाले शेठ घाटात अडकलेल्या गाडीत बसले होते. त्यांनी खिडकीतून डोकं काढलं. "ए कोन बोंबलते? एला माझ्याकडे पाठवा." झालं. पुढची पंचवीसेक वर्षं चाचा शेठकडे बोंबलले.

शेठचे कायदे दोनच. पहिला, जो नग असेल तो आधी अख्खा पुकारायचा, कोणी घेतला नाही तरच फोडायचा. दुसरा, पुकारणाऱ्यानं लिलावातली काडीसुद्धा घरी न्यायची नाही. "नायतर लोक बोलेल, गफूर आपल्यासाठी हलका पुकारते."

चाचांना अक्षरओळख नव्हती, पण त्यांचा सगळा जीव टपालाच्या तिकिटांवर. विशीच्या सालांत एखादा साहेब पेन्शन घेऊन विलायतेला निघाला की दोन-तीन वर्षांतून एखादा मोठा संग्रह बाहेर पडायचा. ट्रंकभर जाडजूड वह्या, एका माणसानं जन्मभर जमवलेल्या. मुंबईचे व्यापारी सकाळच्या गाडीनं येऊन पुढच्या रांगेत बसायचे. चाचा तो नग शेवटाला ठेवत. आधी पान खात, टोपी बदलत, मग वही छातीशी धरून म्हणत, "बगा! समद्या दुनियेचे राजे हितं एका घरात नांदत्यात, भांडन न्हाई!" आणि बोली अशी चढायची की शेठ आनंदानं स्वतःच उठून टाळ्या वाजवायचे.

तिशीच्या सालांत व्यापारी शहाणे झाले. लिलावाआधीच बंगल्यावर जाऊन, मॅडमचा चहा पिऊन, निवडक तिकिटं चिमट्यानं उचलून न्यायला लागले. मागं राहिलेली वही उघडली की बोळक्या म्हाताऱ्यासारखी हसायची. "ह्ये पुकारू?" चाचा शेठना विचारायचे. "काय पुकारू? भोकं?" पुढं पुढं तर तेही येईनासं झालं. लढाईच्या काळात देहूरोडचे शिपाई ग्रामोफोन नि स्टोव्ह घ्यायला यायचे, चाचा ग्रामोफोन नि स्टोव्ह पुकारायचे.

आणि सेहेचाळीस साली धरणच फुटलं. साहेबांना घरी जायची घाई झाली. ज्या नगाची चाचांनी वर्षानुवर्षं वाट बघितली तो आता दर रविवारी यायला लागला. एका रविवारी तर तीन ट्रंका. चाचा हरखून घरी गेले आणि बायकोला म्हणाले, "चाँदबी, ईद आन दिवाळी एकदम आली!"

"मग घरात साखर का न्हाई आली?" चाँदबी म्हणाली.

साखर येणारच नव्हती. ट्रंका येत होत्या, गिऱ्हाईक येत नव्हतं. मुंबईहून एकच व्यापारी यायचा, कडक इस्त्रीचा, काखेत मिटलेली छत्री, आणि वाक्य कुठलंही असो, सुरुवात ठरलेली. "हे पहा, आमच्याकडे आता ठेवायला जागा नाही. हे पहा, पानं सुटी करा. हे पहा, मी चार घेतो." शेठ म्हणायचे, "फोडा." मग वही फाडून मटणाचे वाटे घालावेत तशी पानं मांडायची आणि चाचांनी ती पुकारायची. त्या दिवसांत त्यांचा 'एक' खंडाळ्याला जाईना. फाटकापर्यंतही जाईना.

अशात डायवर मॅडमनी बोलावणं धाडलं. त्यांचा नवरा घाटात इंजिनवर होता, चार वर्षांपूर्वी वारला. गावानं त्याला डायवर साहेब म्हटलं आणि तिला डायवर मॅडम, खरं नाव कोणाला ठाऊक नाही. मॅडमची बोट ठरली होती. रिकाम्या होत चाललेल्या खोलीत तिनं तिकिटांच्या वह्यांनी भरलेल्या एका सागवानी पेटीचं झाकण उघडलं.

"गफूर, हमारा साहब पूरा जिंदगी जमाया. एक साथ जाने को मांगता. पैसा कम आया तो चलेगा. टुकडा नहीं मांगता."

"व्हय मॅडम. टुकडा न्हाई."

"प्रॉमिस?"

"जबान."

शेठच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "तू कोन जबान देनारा? पेटी तुझ्या बापाची? अख्खी पुकार, गिराक नाय आला तर फोडनार."

लिलाव मॅडमच्याच बंगल्याच्या अंगणात झाला. मॅडम समोरच्या बंगल्यात, ओळखीच्यांकडे जाऊन बसली. खाटा गेल्या, कपाटं गेली, आरसा गेला. शेवटी पेटी. चाचांनी टोपी बदलली. बऱ्याच दिवसांनी बदलली.

"दुनियेचे राजेऽऽ! शंभर!"

कोणी हललं नाही.

"पन्नास! अरं, राजे हायत, भोपळे न्हाईत!"

छत्रीवाला झाडाकडे बघत होता. पेटी फुटायची वाट बघणाऱ्या माणसाला झाडं फार आवडतात. शेठनी घसा खाकरला. म्हणजे, पुरे.

तेव्हा मागून भाजे गावचा कोंडाजी पुढं आला. तो बादल्या घ्यायला आला होता. पेटीभोवती त्यानं एक फेरी मारली, बोटांनी ठोकून बघितली. "आबा, ह्येला उंदीर लागंल का?"

"कशाला? तिकिटांना?"

"पेटीला हो! औंदा उंदरांनी माजं आंबेमोहराचं बी निम्मं खाल्लं."

"आतनं जस्ताचा पत्रा हाय. उंदराचा आजा आला तरी दात पडत्याल."

"मग वीस."

छत्रीवाल्याची मान झाडावरून खाली आली. त्यानं तोंड उघडलं. चाचांनी ते उघडलेलं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मिशी पुसली नाही, आभाळ बघितलं नाही. "वीसएकवारदोनवारतीनवार!"

एका दमात. 

"हे पहा," छत्रीवाला ओरडला, "मी बोलणार होतो!"

"बोलला न्हाईत," चाचा म्हणाले.

कोंडाजीनं पैसे मोजले, झाकण उघडलं आणि सरळ वह्या काढून गवतावर ठेवायला लागला. वही, वही, वही. जागा पुरेना, वह्या संपेनात. मग कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. "आता ह्ये कुटं टाकू?"

चाचांचा चेहरा पडला. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

छत्रीवाला लगबगीनं आला. "हे पहा पाटील, ही तांबडी वही तेवढी मला द्या. पाच रुपये."

"आन बाकीच्यांचं?"

"हे पहा, चुलीत घाला."

कोंडाजीनं त्याच्याकडे पाठ फिरवली. "बैलजोडीतला एकच बैल मागतोय ह्यो," तो चाचांना म्हणाला. "आबा, तुमी मगाधरनं घसा फाडून राजे राजे करताय. खरंच काय हाय ह्येच्यात, का नुस्ती रद्दी?"

"रद्दी न्हाई."

"मग तुमीच न्या. समदं न्या. मला पेटी पायजे हुती, गावली."

"गफूर!" शेठ खुर्चीतून उठले. "हात नको लावू. हात लावला तर तुझी पुकार आजपासून बंद. कायदा ते कायदा."

 चाचा गवतावरच्या वह्यांकडे बघत होते. मग खाली बसले, आणि तांबडी वही उचलून बाकीच्यांच्या वर ठेवली.

"ठाऊक हाय, शेट. कायदा बराबर हाय," ते म्हणाले. "कोंडाजी, बाबा, तिकडनं धर जरा. जड हाय."

वह्यांनी लादलेली हातगाडी आधी समोरच्या बंगल्यापुढं थांबली. मॅडम व्हरांड्यात आली.

"एक साथ गया?"

"एक साथ."

"किधर?"

चाचांनी हातगाडीकडे बोट दाखवलं, मग आपल्या घराकडे. मॅडम पायरीवर खाली बसलीच.  मग डोळे पुसून एकदम मास्तरीण झाली. "सूखा जगह में रखना. खळ कभी नहीं लगाना. गीला हाथ नहीं. समझा?" चाचा प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणत होते.

आता लोणावळ्याच्या पावसाळ्यात सुकी जागा म्हणजे चुलीवरचा माळा, दुसरी नाही. तिथं चाँदबीचे पापड असत. ते खाली आले. "माजे पापड दमट झाले तरी चालत्याल," ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "राजांना सर्दी न्हाई झाली पायजे!" पण रोज संध्याकाळी माळ्यावर हात फिरवून ओल बघायची तीच.

चाचा आता स्टेशनाजवळ कोळशाच्या वखारीत बसतात. लिलाव शेठचा भाचा पुकारतो. त्याचा 'एक' त्याच्या स्वतःच्या कानापर्यंत पोचला तरी पुष्कळ.

श्रावणात शेठ छत्री झटकत चाचांच्या दारात आले. "ते पुस्तकं इकून टाक, आनि ये पाछा. लोक येत नाय."

"कोन घेनार, शेट? तुमच्याच गोदामात किती ट्रंका पडल्यात?"

"आठ," शेठ बारीक आवाजात म्हणाले.

"मग? बसा, चहा घ्या."

शेठ बसले. चाचांनी माळ्यावरून तांबडी वही काढून त्यांच्यापुढं ठेवली. इतकी वर्षं शेठनी वह्या विकल्या होत्या, पण एकही उघडली नव्हती. त्यांनी एक पान उलटलं. मग दुसरं. चहा निवला.

"आ हाथी तो बहु सरस छे," ते म्हणाले. "गफूर, पुढे काय हाय?"

"उलटा की."

शेठनी उलटायला बोट जिभेला लावलं, तेवढ्यात आतून चाँदबीचा आवाज आला, "वलं बोट न्हाई! हात पुसा म्हनावं आदी!"