मामीची बोट, मामाची बस

माझ्या मामाचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. त्यामुळे दुसरा माणूस काहीही चालवत असला, अगदी मिक्सर, तरी मामा शेजारी उभा राहून सूचना द्यायचा. मामी घरातच पडदे शिवून द्यायची. शिवणयंत्राच्या आवाजात त्या सूचना ऐकू येत नाहीत, हा त्या धंद्याचा मोठा फायदा, असं ती म्हणायची.

निवृत्त झाल्यावर मामा एकदा बंदरावर फिरायला गेला आणि बोट विकत घेऊन आला. तीही साधीसुधी नाही. दोन झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, संडास आणि मान मोडेपर्यंत वर बघावं अशी डोलकाठी असलेली, लांबच्या प्रवासाची शिडाची बोट. त्यासाठी स्कूलही विकलं आणि फ्लॅटही.

माझ्या आईने, म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीने, कपाळावर हात मारला. "अरे, तुला पोहता तरी येतं का?"

"पोहता येत नाही म्हणूनच बोट घेतली, ताई."

मामीला कोणी काही विचारलं नाही. तिने शिवणयंत्र उचललं आणि बोटीवर राहायला गेली.

दोघांनी बंदरावर बोट चालवायच्या शिकवणीत नाव घातलं. मामा मागे बसून शिक्षकाच्या चुका काढायचा, मामी मुकाट्याने गाठी मारायला शिकायची. बंदराच्या शांत पाण्यातली ती शिकवणी संपली, दोघांना परवाने मिळाले आणि मामाने पहिल्यांदा बोट बाहेर काढली. बंदराची भिंत ओलांडली, पहिली लाट खालून गेली आणि मामाच्या पोटातलं सगळं वर आलं. दुसऱ्या लाटेला उरलंसुरलं आलं. तरी परतताना सुकाणू त्यानेच धरलं, कारण स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात द्यायची त्याला सवय नव्हती. धक्का जवळ आला तसा त्याने उजवा पाय जोरात खाली दाबला. पाय मोकळ्या फळीवर आपटत राहिला. बोट शांतपणे पुढे गेली आणि शेजारच्या बोटीला धडकली.

त्या बोटीतून चहाने भिजलेली एक बाई बाहेर आली. ती दातांची डॉक्टर. दवाखाना बंद करून एकटीच बोटीवर राहत होती.

"परवाना आहे का तुमच्याकडे?" तिने विचारलं.

"मी आयुष्यभर लोकांना परवाने मिळवून दिलेत!" मामा म्हणाला.

"मग आत्ता काय शोधत होतात? ब्रेक?"

मामी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. दोघी बायकांची मैत्री तिथेच जमली.

मामाचं मात्र बिनसलं. बोट लागू नये म्हणून गोळ्या झाल्या, आलं चघळून झालं, मनगटाला पट्टे बांधून झाले. पुढे पुढे तर धक्क्याला बांधलेल्या बोटीतही त्याला मळमळायला लागलं. शेवटी त्याने धक्क्यासमोरच्या, दोरखंड आणि रंग विकणाऱ्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली. बोट त्याची आणि राहणार मामी! नातेवाइकांत चर्चा सुरू झाली की मामीने मामाला घराबाहेर काढलं. मामा रोज सकाळी धक्क्यावर उभा राहून बोटीतल्या मामीला सूचना द्यायचा आणि डबा घेऊन वर जायचा.

बोटीवर राहणं म्हणजे समुद्राकडे बघत कॉफी पिणं, असं मला वाटायचं. सुट्टीत मामीकडे राहायला गेलो आणि माझा गैरसमज फिटला. मामी तळाच्या फळ्या उचलून, तोंडात टॉर्च धरून पालथी पडलेली असायची. आज पाण्याचा पंप, उद्या बॅटरी, परवा खिडकीतून गळती. एक दुरुस्त केलं की दुसऱ्याला हेवा वाटून तेही बिघडायचं. हे सगळं ती कोणाकडून शिकली, विचाराल तर सांगता येणार नाही. उघडायचं, बघायचं, शिव्या घालायच्या, पुन्हा लावायचं, अशी तिची पद्धत होती. शिव्या मात्र डॉक्टरीणबाईंनी शिकवल्या होत्या.

मी गेलो त्याच आठवड्यात संडास तुंबला. बोटीचा संडास हातपंपावर चालतो. समुद्राचं पाणी आत ओढायचं आणि सगळा ऐवज एका जाड नळीतून टाकीत ढकलायचा. मामीने नळी सोडवून काढली. ती आतून पांढऱ्या दगडाने भरलेली होती, मध्ये जेमतेम करंगळी जाईल एवढी वाट. मी नाक दाबून बाहेर पळालो. डॉक्टरीणबाई मात्र चष्मा लावून जवळ आल्या आणि नळीत प्रेमाने डोकावल्या.

"हे तर दातांवरचं कीटण! अगदी तसंच साचतं. किती वर्षं साफ केलं नव्हतं?"

"बोटीच्या आधीच्या मालकाला विचारा," मामी म्हणाली.

"सगळे पेशंट हेच सांगतात."

मग दोघींनी ती नळी दोन टोकांना धरून धक्क्यावर धपाधप आपटली. पांढऱ्या खपल्या उडाल्या. वरच्या खिडकीतून मामा ओरडत होता, "डावीकडून आपटा, डावीकडून!"

त्या हिवाळ्यात मामीने मोठं शीड उसवून नव्याने शिवलं. शिवणयंत्र जेवणाच्या टेबलावर आणि शीड सगळ्या बोटीभर. झोपायच्या खोलीत जायचं तर कापडावरून रांगत जावं लागायचं. "पडदा वाऱ्याने उडाला की लोक तक्रार करायचे," ती सुईत दोरा ओवत म्हणाली, "हा उडाला नाही तर तक्रार." तिला इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच आईने भावाच्या वतीने निकाल दिला: म्हातारपणी नवरा-बायको वेगळे राहतात, ही शोभा पुरे झाली, बोट विका. मामालाही ते पटलं. त्याने गिऱ्हाईक आणलं, फरशांचा एक व्यापारी. पांढरे बूट घालून आला. मामी एवढंच म्हणाली, "चालवून बघा, मग ठरवा." मामा धक्क्यावरच थांबला. बोटीवर आम्ही चौघं: मामी, डॉक्टरीणबाई, व्यापारी आणि मी.

बाहेर मजेत फिरलो. परतताना, बंदराच्या अगदी तोंडाशी, इंजिनाने खोकला काढला आणि बंद पडलं. इंजिन थंड ठेवायला जिथून समुद्राचं पाणी आत येतं, त्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी चिकटली होती, हे नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की उजवीकडे दगडी भिंत आहे आणि वारा आम्हाला तिकडेच ढकलतोय. व्यापाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो माझा हात धरून विचारत होता, "आता काय करायचं? आता काय करायचं?" माझा दुसरा हात धरायला मलाही कोणीतरी हवं होतं.

"पुढचं शीड सोडा," मामीने डॉक्टरीणबाईंना सांगितलं. आवाज असा, जणू भाजीत मीठ टाका म्हणतेय. शीड फडफडलं, भरलं, बोट कलली आणि भिंतीपासून दूर वळली. मामी पाण्याकडे बघतच नव्हती. ती शिडाच्या कडेकडे बघत होती, जसं शिवण सरळ येतेय का बघावं. बोटींच्या रांगांमधून तिने वळण घेतलं, आपली जागा दिसली तसं शीड उतरवायला लावलं, आणि बोट स्वतःच्या उरलेल्या वेगाने घसरत, हळू हळू होत, धक्क्याला टेकली. डॉक्टरीणबाईंनी दोर फेकला. तो मामाने झेलला. या सगळ्या वेळात त्याने एकही सूचना दिली नव्हती.

व्यापारी खाली उतरला, थोडा वेळ जमिनीवर उकिडवा बसला आणि म्हणाला, "घेतली. फक्त चालवायला या बाई पाहिजेत."

मामाने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. दोर हातात तसाच. "अगं, हे सगळं तू शिकलीस कधी?"

"तुम्ही बोलत होतात तेव्हा."

 मामाने दोर खुंट्याला बांधला, चुकीचाच, आणि मामीने तो सोडून पुन्हा बांधला.

"मला नाही विकायची," मामी म्हणाली. "मला पुढे जायचंय. पुढच्या बंदराला, मग त्याच्या पुढच्या."

"मग मी?"

"तुम्हाला बोट लागते. बस तर लागत नाही ना?"

ती चेष्टेत म्हणाली होती. मामाने मनावर घेतलं. संध्याकाळपर्यंत त्याने किनाऱ्याच्या सगळ्या बसची माहिती काढली. आई महिनाभर दोघांशी बोलली नाही, मग न राहवून तिनेच फोन केला.

तेव्हापासून त्यांचा संसार असा चालतो. मामी आणि डॉक्टरीणबाई वाऱ्याने जातात, मामा रस्त्याने. तो आधी पोहोचतो, खोली बघतो, भाजी आणतो, बंदरावरच्या प्रत्येकाशी ओळख करून घेतो आणि बायको समुद्रातून येणार आहे, हे नको त्यालाही सांगतो. बायकोला उशीर झाला की मात्र जेवत नाही. एकदा वारा पडला आणि ती दुसऱ्या दिवशी आली, तेव्हा धक्क्यावर उभा राहून तो आधी रडला आणि मग भांडला.

परवा मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा बोट पाण्याबाहेर होती. तळाला रंग द्यायचा होता. लोखंडी टेकूंवर उभी, खाली कोरडी जमीन, वर चढायला शिडी. हलायचं नाव नाही, म्हणून मामाही वर राहत होता. पाहिलं तर मामी आणि मामा शेजारी शेजारी खाली बसून तळावरचे शिंपले खरवडत होते, जुन्या रंगाच्या भुकटीने डोक्यापासून पायापर्यंत निळे झालेले.

"यांना मजा येतेय," मामी मला म्हणाली.

"मजा कसली? संडासला जायचं तर शिडी उतरून तिकडे कोपऱ्यापर्यंत जावं लागतं," मामा म्हणाला. पण खरवडणं थांबवलं नाही.

रात्रीचं जेवण बोटीवरच झालं. मामाने मला सगळ्या खोल्या फिरवून दाखवल्या, हे कपाट असं उघडतं, ही गादी अशी दुमडते, जणू नवं घर घेतलंय. मी होतो तोवरच बोट पाण्यात सोडायचा दिवस आला. क्रेनचे पट्टे तळाखाली अडकवले गेले. मामाने बॅग भरली, शिडी उतरला, मामीला हात केला आणि स्टँडकडे चालू लागला. मामीने वरून ओरडून विचारलं, "टोपी घेतलीत का?"

घेतली नव्हती. तिने वरून फेकली, त्याने झेलली.